कांट ते हेगेल: जर्मन चिद्वादाला छळणारा खरा प्रश्न कोणता?

काठावरचा

१७८१ साली कांटचं 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' छापून आलं आणि १८३१च्या नोव्हेंबरात बर्लिनमध्ये हेगेल वारला. ही मधली पन्नास वर्षं म्हणजे जर्मन चिद्वादाचा (जर्मन आयडिअलिझमचा) काळ. आपल्याकडे यावर जे थोडंफार लिहिलं-बोललं जातं, त्यात दोन गोष्टी हटकून येतात आणि दोन्ही मला खटकतात.

पहिली अशी की चिद्वादी म्हणजे 'सगळं जग मनात आहे' असं मानणारे लोक. मग ओघाने मायावाद येतो आणि चर्चा तिथेच संपते. दुसरी म्हणजे कांट, फिक्टे, शेलिंग, हेगेल अशी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, जिच्या माथ्यावर हेगेल बसलेला असतो. ही मांडणी खुद्द हेगेलनेच तत्त्वज्ञानाच्या इतिहासावरच्या आपल्या व्याख्यानांत करून ठेवली आहे. तिच्याकडे जरा सावधपणे पाहायला नको का?

माझं म्हणणं असं: या मंडळींना छळणारा प्रश्न जग आत की बाहेर हा नव्हता. प्रश्न स्वातंत्र्याचा होता. न्यूटननंतर निसर्गातली प्रत्येक घटना आधीच्या घटनेने बांधलेली आहे, हे मान्य करावंच लागत होतं. मग एखादा माणूस दुष्टपणे खोटं बोलला (हे उदाहरण कांटचंच), तर ते खोटंही त्याच साखळीतली कडी ठरतं. संगोपन, संगत, स्वभाव अशी सगळी कारणं दाखवता येतात. तरी आपण त्या माणसाला दोष देतो. कुठल्या आधारावर? कांटने हा पेच पुस्तकात अक्षरशः समोरासमोर छापला. एका पानावर 'स्वातंत्र्य मानावंच लागतं' याची सिद्धता, शेजारच्या पानावर 'स्वातंत्र्य नाही, सगळं निसर्गनियमानेच घडतं' याची सिद्धता. दोन्ही त्याच्या मते सारख्याच बिनतोड. त्यातून सुटायला त्याने सांगितलं की कार्यकारणाचा नियम आपल्या अनुभवाच्या चौकटीचा आहे, वस्तू मुळात जशा आहेत त्यांचा नव्हे. त्या फटीत स्वातंत्र्याला जागा राहते.

नंतरच्या सगळ्यांचं भांडण या फटीवरून आहे. असं वाचलं तर वैचारिक इतिहासात या पन्नास वर्षांची जागा कुठे? प्रबोधनाचा (एन्लायटनमेंटचा) शेवट, की पुढच्या सगळ्याची सुरुवात? जाणकारांनी लिहावं.

रानवारा

वाचनखूण साठवली. छान धागा.

तिसरी_घंटा

पहिल्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. 'जग मनात आहे' हा आरोप कांटवर त्याच्या हयातीतच झाला. १७८२ साली ग्योटिंगेनच्या नियतकालिकात परीक्षण आलं, त्यात त्याला वस्तू फक्त मनातच असतात म्हणणाऱ्या बर्कलीच्या थेट रांगेत बसवलं होतं. तो इतका चिडला की १७८३च्या 'प्रोलेगोमेना'त त्या परीक्षणकर्त्याचा खरपूस समाचार घेतला. १७८७च्या दुसऱ्या आवृत्तीत तर 'चिद्वादाचं खंडन' असा नवा भागच घातला. चिद्वादाचा आद्य पुरुष म्हणून ज्याचं नाव घ्यायचं, त्याने चिद्वादाचं खंडन लिहून ठेवलं आहे!

पायऱ्यांबद्दल एवढंच सांगतो की खालच्या पायरीला वरची मान्य नव्हती. फिक्टे स्वतःला कांटचा खरा वारस म्हणवत होता आणि १७९९च्या ऑगस्टमध्ये म्हाताऱ्या कांटने जाहीर निवेदन काढून त्याच्या प्रणालीशी आपला संबंध झटकून टाकला.

पण धाग्यात कांटचा समकालीन टीकाकार याकोबी नाही, हे चुकतंय. १७८५ साली त्याने नाटककार लेसिंग मरण्याआधी स्पिनोझाचा (देव म्हणजेच निसर्ग आणि सगळं अटळ, असं मानणाऱ्याचा) अनुयायी झाला होता असं जाहीर केलं आणि जर्मन विद्वानांत वादळ उठलं. त्याचा मुद्दा साधा होता: बुद्धीला मोकळं सोडलं की ती स्पिनोझापाशीच पोहोचते, म्हणजे देवही जातो आणि स्वातंत्र्यही. कांटवरचा त्याचा घाव तर आजही भरलेला नाही. वस्तुतत्त्व (म्हणजे वस्तू मुळात जशी आहे ती) गृहीत धरल्याशिवाय या प्रणालीत शिरता येत नाही आणि ते धरून तिच्यात राहता येत नाही, असं तो १७८७ साली म्हणाला. कारण वस्तुतत्त्व आपल्यावर 'परिणाम करतं' म्हणायचं, आणि कार्यकारण तर अनुभवापुरतंच. पुढचे तिघेही या घावाला उत्तर देत बसले आहेत.

काठावरचा

@तिसरी_घंटा, याकोबीबद्दल मनापासून आभार. त्याने माझा मुद्दा पक्काच होतो. स्पिनोझाची एवढी भीती का, तर स्वातंत्र्य जाईल म्हणून.

पाटीपेन्सिल

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. फिक्टेचं पुस्तक वर्गात उघडलं की पहिल्या दहा मिनिटांत मुलं गळतात. म्हणून मी स्टेफेन्सच्या आठवणींतला येना विद्यापीठातला एक प्रसंग सांगते. हा स्टेफेन्स तेव्हा फिक्टेच्या वर्गात बसला होता.

फिक्टे म्हणाला, सभ्य गृहस्थहो, स्वतःत एकाग्र व्हा. मुलं सरसावून बसली, काहींनी डोळे मिटले. मग म्हणाला, भिंतीचा विचार करा. सगळ्यांनी केला. केलात? मग आता ज्याने भिंतीचा विचार केला, त्याचा विचार करा. स्टेफेन्स सांगतो की इथे वर्गात गोंधळ उडाला. भिंत सगळ्यांना सापडली होती, तिचा विचार करणारा मात्र कुणाला काही केल्या पकडता येईना.

मी वर्गाला हेच करायला सांगते आणि दर वर्षी तोच गोंधळ उडतो. मग फिक्टेचं म्हणणं समजायला सोपं जातं. 'मी' ही कपाटासारखी कुठेतरी ठेवलेली वस्तू नव्हे, ती कृती आहे. करू तेव्हाच असते. म्हणूनच ती कार्यकारणाच्या साखळीतली कडी होऊ शकत नाही. धागाकर्त्यांच्या मताला हा माझा दुजोरा समजा. १७९५च्या एका पत्राच्या मसुद्यात फिक्टेने स्वतःच आपल्या प्रणालीला स्वातंत्र्याची पहिली प्रणाली म्हटलं आहे. फ्रेंचांनी माणसाच्या बाहेरच्या बेड्या तोडल्या, मी वस्तुतत्त्वाच्या बेड्या तोडतो, असा त्याचा दावा. हा रिबिनी विणणाऱ्या विणकराचा मुलगा. गावातल्या प्रवचनाला एका जमीनदाराला उशीर झाला, तेव्हा या पोराने ते सगळं त्याला घडाघडा म्हणून दाखवलं आणि त्यातून त्याच्या शिक्षणाची सोय झाली, अशी गोष्ट सांगतात. अशा माणसासाठी स्वातंत्र्य हा नुसता पुस्तकी विषय कसा असेल?

कोकणकडा

सगळं ठीक, पण ही माणसं इतकं दुर्बोध का लिहितात, हे कुणीतरी सांगा. तुकोबांनी यापेक्षा खोल गोष्टी चार ओळींत सांगितल्या. शोपेनहाउअर हेगेलला सरळ भोंदू म्हणायचा, तो उगाच का?

तिसरी_घंटा

@कोकणकडा, शोपेनहाउअरचं ऐकायला हरकत नाही, फक्त त्याच्या रागाला दुसरंही कारण होतं हे लक्षात असू द्या. १८२० साली बर्लिनमध्ये त्याने मुद्दाम हेगेलच्याच वेळेला आपली व्याख्यानं लावली. हेगेलचं सभागृह भरलेलं, याच्याकडे मोजकी डोकी. :)

काठावरचा

कोकणकडा, तक्रार रास्त आहे, पण प्रत्येक पान तसं नाही. हेगेलच्या 'फेनोमेनॉलॉजी'तलं (१८०७) मालक आणि गुलामाचं प्रकरण घ्या. वाक्यं कठीण, गोष्ट सरळ.

दोन माणसं समोरासमोर येतात. दोघांनाही हवं असतं की समोरच्याने आपल्याला मानावं. झुंज होते. एकाला मरणाची भीती वाटते, तो शरण जातो, गुलाम होतो. मालक जिंकला खरा, पण त्याला मान देतोय कोण? ज्याला तो स्वतः माणूस म्हणून मानत नाही असा गुलाम. त्या मानाला किंमत काय? शिवाय त्याला सगळं आयतं मिळतं, वस्तूशी त्याची गाठ फक्त ती उपभोगण्यापुरती. गुलाम मात्र राबतो. स्वतःची भूक आवरतो, लाकूड-दगडाला आकार देतो, आणि आपण घडवलेल्या वस्तूत त्याला स्वतःची खूण दिसते. स्वातंत्र्याची वाट त्याच्याकडून पुढे जाते, मालकाकडून नाही.

कष्टाच्या कामाला तत्त्वज्ञानात अशी जागा देणारं त्याआधीचं किती लिखाण तुम्हाला आठवतं? कांटकडे स्वातंत्र्य एकट्या माणसाच्या आत होतं. इथे ते दोघांच्यामध्ये आलं. समोरचा स्वतंत्र नसेल तर मीही नाही.

कोकणकडा

हे समजलं, आणि आवडलं. असंच लिहीत राहा.

स्प्रेकाठची

बर्लिनकर सदस्याची हजेरी. इथल्या डोरोथेएनश्टाट दफनभूमीत हेगेल आणि फिक्टे शेजारी-शेजारी आहेत. हेगेलचीच तशी इच्छा होती. फिक्टेवर उंच निमुळता स्तंभ आहे आणि त्यावर बायबलातली ओळ, शिक्षक आकाशाच्या तेजासारखे झळकतील अशा अर्थाची. हेगेलचा दगड त्यामानाने साधा. दोघांच्या बायकाही शेजारीच आहेत.

फिक्टेच्या मरणाची हकीकत मला फार लागते. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात त्याची बायको योहाना जखमी सैनिकांची शुश्रूषा करत होती. तिला टायफस झाला. ती वाचली, पण तिच्याकडून त्याला लागण झाली आणि १८१४च्या जानेवारीत तो गेला. हेगेलच्या मृत्यूचं कारण तेव्हा कॉलरा नोंदवलं गेलं. कॉलऱ्याच्या मृतांना वेगळीकडे पुरायचा नियम होता, त्याच्यासाठी अपवाद केला गेला.

रानवारा

अवांतर: पुढच्या वर्षी लेकीकडे लाइपझिगला जाणं आहे. येना तिथून जवळ म्हणतात. बघण्यासारखं काही?

स्प्रेकाठची

@रानवारा, जरूर जा. फिक्टे राहायचा त्या घरात आता रोमँटिकांचं संग्रहालय आहे. त्या काळी श्लेगेल बंधू, कारोलीन, नोव्हालिस, शेलिंग ही सगळी मंडळी येनात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होती. शेलिंग तेविसाव्या वर्षी तिथे प्राध्यापक झाला! १३ ऑक्टोबर १८०६ला याच गावात हेगेलने नेपोलियनला घोड्यावरून जाताना पाहिलं आणि मित्राला लिहिलं की मी जगाच्या आत्म्याला घोड्यावर बसलेला पाहिलं. दुसऱ्या दिवशी गावाबाहेर लढाई झाली आणि प्रशियाचं सैन्य धुळीला मिळालं.

निळीशाई

धागा वाचताना एक गोष्ट सारखी टोचतेय. स्वातंत्र्य, स्वातंत्र्य म्हणतो आपण, पण कुणाचं? याच हेगेलने इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर बोलताना आफ्रिकेला इतिहासाबाहेर काढलं. भारताला स्वप्नाळू, अचल ठरवलं. कांटने वंशांच्या उतरंडीबद्दल जे लिहिलंय ते वाचवत नाही. मालक-गुलामाच्या प्रकरणाचं कौतुक चाललंय, तर त्याच सुमारास हैतीत खऱ्या गुलामांनी खऱ्या मालकांना हाकलून १८०४ साली स्वतंत्र देश उभा केला होता. जर्मन नियतकालिकांत त्याच्या बातम्या येत होत्या, हेगेल त्या वाचत होता असं दाखवून देणारं संशोधन झालं आहे. पुस्तकात हैतीचं नाव नाही. हे विसरून नुसत्या आरत्या नकोत.

जुनी_पोथी

@निळीशाई, भारताबद्दल थोडी भर. हेगेल निदान ऐकीव माहितीवर बोलत नव्हता. १८२३ साली श्लेगेलने बॉनमधून गीता लॅटिन भाषांतरासह काढली. त्यावर विल्हेल्म फॉन हुंबोल्टने बर्लिनच्या अकादमीत मोठ्या आदराने व्याख्यानं दिली आणि त्या व्याख्यानांचं दीर्घ परीक्षण हेगेलने १८२७ साली लिहिलं. सूर कडक आहे. हुंबोल्टला गीतेत जे उदात्त दिसलं, तिथे हेगेलला बोट ठेवायला जागा सापडली: अर्जुनाला सांगितलेलं कर्तव्य हे क्षत्रिय म्हणून, म्हणजे जातीचं कर्तव्य आहे, स्वतंत्र माणसाने स्वतःला घालून घेतलेला नियम नव्हे.

आता आपल्या बाजूने पाहा. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहिलेल्या गीतारहस्यात कांट आणि ऑक्सफर्डचा ग्रीन यांचे दाखले येतात. ग्रीन हा कांट-हेगेलच्या परंपरेतला. म्हणजे ज्या परंपरेने गीतेतल्या कर्तव्याला कमी लेखलं, तिच्याच साहाय्याने टिळक गीतेतल्या कर्मयोगाची बाजू मांडतात. १८९३ साली जर्मन विद्वान डॉयसन मुंबईत येऊन वेदान्त आणि कांटचं नातं सांगून गेला, ते वेगळंच. पण तो शोपेनहाउअरच्या वाटेने आलेला, हेगेलच्या नाही.

आणि अमळनेर! प्रताप शेठजींच्या पाठबळावर १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. खानदेशातल्या त्या गावात देशभरची माणसं येऊन कांट आणि शंकराचार्य शेजारी ठेवून वाचत. कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३०च्या दशकात तिथे संचालक होते. अमळनेरनेच १९३० साली छापलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नाव 'द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम'. काठावरचा, तुमचा मुद्दा खानदेशातून छापून निघाला होता!

काठावरचा

जुनी_पोथी, दंडवत घ्या. यावर स्वतंत्र धागा काढाच.

निळीशाई

जुनी_पोथी, ती जातीच्या कर्तव्याची टीका मला पटते, ती करणाऱ्याचे पूर्वग्रह पटत नाहीत. दोन्ही एकदमच म्हणावं लागेल. एक दुवा मीही देते. कोलंबियात बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई. ते तरुणपणी हेगेलवादी होते आणि हेगेलने आपल्या विचारात कायमचा गाळ ठेवला, असं त्यांनी १९३० साली स्वतः लिहिलं आहे. मग समाजाशिवाय व्यक्तीचं स्वातंत्र्य नाही हा धागा तिथून इथवर येतो, असं म्हणायला काय हरकत आहे?

तिसरी_घंटा

हरकत आहे. ड्यूईचा गाळ ठीक, पण बाबासाहेबांचा समतेचा विचार जातीच्या अनुभवातून आणि पुढे बुद्धाकडून आला. त्याला हेगेलचं मूळ चिकटवलं की आपण पुन्हा तीच पायऱ्यांची मांडणी करतो, फक्त पायरी लांबवर नेऊन.

निळीशाई

मूळ म्हटलं नाही, दुवा म्हटलं. पण तुमचा इशारा योग्य आहे.

सांजवेळ

हेगेल म्हणजे थीसिस, अँटीथीसिस, सिंथेसिस ना? आमच्या शिबिरांत फळ्यावर त्रिकोण काढून हेच शिकवायचे. इथे कुणीच ते म्हटलं नाही.

पाटीपेन्सिल

सांजवेळ, ते त्रिकूट खरं तर फिक्टेचं. हेगेलने आपली पद्धत म्हणून ते कुठे मांडलेलं नाही, नंतरच्या भाष्यकारांनी त्याच्या गळ्यात बांधलं. हेगेलकडे बाहेरून विरोधी विधान आणून मग तडजोड करायची नसते. एखादी भूमिका तिच्याच शब्दाला धरून शेवटपर्यंत न्यायची, की ती आपल्याच वजनाने मोडते. मालकाचं तेच झालं ना? त्याला कुणी हरवलं नाही, त्याच्या विजयानेच त्याला अडवलं.

स्प्रेकाठची

पायऱ्यांविरुद्ध माझ्याकडे एक पुरावा आहे. १९१३ साली बर्लिनच्या ग्रंथालयाने लिलावात एक कागद घेतला. दोन्ही बाजूंनी लिहिलेला, सुरुवात अर्ध्या वाक्यापासून, आधीचं पान गायब. १९१७ साली रोझेनझ्वाइगने तो छापला आणि 'जर्मन चिद्वादाचा सर्वांत जुना आराखडा' असं नाव दिलं. अक्षर हेगेलचं. पण मजकूर कुणाचा? शेलिंगचा, कवी होल्डरलीनचा, हेगेलचा, तिन्ही बाजूंनी पंडित भांडले आहेत. हे तिघं ट्यूबिंगेनच्या धर्मशाळेत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, एका खोलीत राहिलेले. त्या कागदात काय आहे? राज्ययंत्र स्वतंत्र माणसांना दातेरी चाकांसारखं वागवतं, म्हणून ते संपलं पाहिजे! आणि बुद्धीची पुराणकथा रचली पाहिजे, म्हणजे तत्त्वज्ञ आणि सामान्य लोक एकमेकांना भेटतील.

कुणाचा विचार हे तिथे वेगळं काढताच येत नाही. ज्याच्या एका कागदाचाही मालक ठरत नाही, त्या चळवळीत कोण कुणाच्या वरच्या पायरीवर?

सांजवेळ

राज्य संपवा म्हणणारा हेगेल पुढे प्रशियाच्या सरकारचा भाट झाला, असं वाचलंय.

तिसरी_घंटा

तो आरोप १८५७ साली हेगेलवर पुस्तक लिहिणाऱ्या हाइमने केला, पुढे पॉपरने त्याला धार लावली. 'जे विवेकी ते वास्तव आणि जे वास्तव ते विवेकी' या ओळीवर सगळा भर. पण विद्यापीठांवर नियंत्रण आणणाऱ्या १८१९च्या कार्ल्सबाड फर्मानांनंतर विद्यार्थ्यांची धरपकड सुरू झाली, तेव्हा हाच माणूस पकडलेल्या पोरांसाठी खटपट करत होता, एकाचा जामीनही त्याने भरला. बॅस्टिल पडल्याच्या दिवशी मित्रांसोबत पेला उंचावत होता. त्याला 'वास्तव' म्हणजे जे जे समोर दिसतं ते सगळं, असं म्हणायचंच नव्हतं. तरी घटनात्मक राजेशाहीपाशी तो थांबला हे खरं, आणि मार्क्सने नेमकं तिथेच त्याला धरलं.

जुनी_पोथी

मूळ प्रश्नाकडे येतो. शेवट की सुरुवात? १८४१च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या एका सभागृहात याचं उत्तर बसलेलं होतं. हेगेलचा प्रभाव मोडून काढायला राजाने म्हाताऱ्या शेलिंगला बोलावलं. श्रोत्यांत कोण? एंगल्स, बाकुनिन, किर्केगार्द. साम्यवाद, अराज्यवाद, अस्तित्ववाद एका छताखाली. किर्केगार्द आधी भारावला, काही महिन्यांत वैतागून निघून गेला. त्याच वर्षी फॉयरबाखने देव म्हणजे माणसानेच आपले गुण आभाळात नेऊन ठेवलेले, हे मांडलं. पुढे केंब्रिजमध्ये मूर आणि रसेल यांनी ब्रिटिश हेगेलवाद झटकून विश्लेषणाची वाट धरली. १९३०च्या दशकात कोजेव्हने पॅरिसमध्ये त्याच मालक-गुलामावर व्याख्यानं दिली, ऐकायला लकाँ आणि मर्लो-पाँती. म्हणजे ज्यांनी स्वीकारलं तेही आणि ज्यांनी लाथाडलं तेही, सगळे याच दारातून गेले. माझं मत: सुरुवात.

पाटीपेन्सिल

मान्य. पण धागाकर्त्यांना एक अडचण दाखवते. तुमचं सूत्र शेलिंगच्या १८०९च्या स्वातंत्र्यावरच्या निबंधापाशी अडतं. कांट आणि फिक्टे यांच्याकडे स्वातंत्र्य म्हणजे स्वतःचा नियम स्वतः पाळणं, म्हणजे मुळात चांगलंच. मग वाईट कुठून येतं? कांटला हा प्रश्न १७९३च्या धर्मावरच्या पुस्तकात भेडसावू लागला होता. शेलिंग स्पष्ट म्हणतो, खरं स्वातंत्र्य म्हणजे चांगल्याची आणि वाईटाचीही शक्ती. अस्तित्वाच्या तळाशी बुद्धीने न उजळलेलं काहीतरी आहे आणि ते कधीच पूर्ण विरघळत नाही. हेगेलच्या इमारतीत या तळाला जागा नाही. तेव्हा एकच प्रश्न असला तरी त्यातून दोन वाटा फुटल्या, आणि किर्केगार्द, हायडेगर दुसरीने गेले.

काठावरचा

पाटीपेन्सिल, त्या फुटलेल्या वाटेमुळेच मला स्वातंत्र्य हाच कणा वाटतो. जग मनात आहे की नाही यावर शेलिंग आणि हेगेल यांचं नातं तुटलेलं नाही. हेगेलने 'फेनोमेनॉलॉजी'च्या प्रस्तावनेत 'ज्या रात्री सगळ्या गाई काळ्या' म्हणून शेलिंगच्या मताला टोमणा मारला, तोही वेगळेपणाला, माणसाच्या स्वतःच्या हालचालीला जागा कुठे, यावरून. दुष्टपणाचा प्रश्न तुम्ही म्हणता तितकाच कळीचा आहे. कांटच्या त्या खोटं बोलणाऱ्या माणसाला दोष द्यायचा, तर त्याने खोटं स्वतः निवडलं असं म्हणावंच लागेल, आणि ते 'निवडणं' कांटला नीट सांगता आलेलं नाही.

कोकणकडा

मग वाचायला घ्यायचं कुठून? कांटचं जाडजूड पुस्तक झेपणारं नाही.

पाटीपेन्सिल

कोकणकडा, कांटचा 'प्रबोधन म्हणजे काय' हा १७८४चा निबंध आधी वाचा, थोड्या पानांचा आहे. मग मालक-गुलाम प्रकरण. आणि मग हिंमत करून ती समोरासमोरची पानं. आधी एका बाजूची पूर्ण वाचा, तिचं म्हणणं पटू द्या, मगच दुसरीकडे जा.